पाण्याच्या वाटेने कान्हेरी

जुलैतली एखादी जोरदार सर कान्हेरीच्या डोंगरावर कोसळली, की खांब आणि मूर्ती जरा बाजूला ठेवून आधी पाणी पाहावं. उघड्या कातळावर ते पसरतं, मग कुठूनशी एक बारीक पन्हळ त्याला पकडते, लेण्याच्या कपाळावरून आडवी नेते आणि ओसरीच्या टोकाशी, अंगणाच्या कोपऱ्यातल्या चौकोनी टाक्यात सोडते. टाकं भरलं की उरलेलं पाणी काठावरून बाहेर पडतं, पायऱ्यांच्या कडेने खालच्या पातळीवर उतरतं आणि शेवटी मधल्या ओढ्याला जाऊन मिळतं. हे सगळं छिन्नीने कोरलेलं आहे. त्यातलं पुष्कळसं काम दीड हजारांहून जास्त वर्षं झाली तरी चालू आहे.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून सहा-सात किलोमीटर आत आलं की कान्हेरी लागते. येणारे बहुतेक जण तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, पाहतात, ओसरीतल्या उंच बुद्धमूर्तीपाशी फोटो काढतात आणि तासाभरात माघारी फिरतात. चैत्यगृह पाहायलाच हवं, त्यात वाद नाही. पण तेवढंच पाहून निघालं तर हा डोंगर कळत नाही. इथे शंभरावर बौद्ध लेणी आहेत, साधारण इसवी सनाच्या सुरुवातीपासून दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत माणसं इथे राहती होती, आणि एवढी वस्ती एवढा काळ या उतारावर टिकली ती पाण्याची सोय होती म्हणून. कान्हेरी ही पाण्याच्या हिशेबाने बांधलेली वसाहत आहे आणि तिचा नकाशा पाण्याच्या वाटेनेच नीट उलगडतो.

दरी तशी लहानच. दहिसर नदी तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावते आणि जेमतेम बारा किलोमीटर वाहून मनोरीच्या खाडीतून समुद्राला मिळते. कान्हेरीचा ओढा हा तिच्या रानातल्या वरच्या ओहळांपैकी एक. पावसाळ्यात तो डोहाडोहातून उड्या घेत उतरतो, दिवाळीपर्यंत बारीक होतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच्या पात्रात नुसते गोटे आणि वाळलेली सागाची पानं उरतात. उपनगरात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने आकाशातून काही येत नाही. भरपूर पाऊस आणि तरीही उन्हाळ्यात घशाला कोरड, हे कोकणपट्टीचं जुनं दुखणं इथेही आहेच. कान्हेरीने त्याच्यावर उपाय केला तो घरोघरी.

उपाय समजायचा तर आधी खडक समजून घ्यावा. अजिंठा-वेरूळचा काळा, घट्ट, थरांचा बेसाल्ट इथे नाही. कान्हेरीचा डोंगर ज्वालामुखी ब्रेक्सियाचा आहे. म्हणजे राख आणि बारीक द्रव्य यांच्यात लाव्हाचे लहानमोठे टोकदार तुकडे अडकून घट्ट झालेला दगड. चैत्यगृहाच्या अंगणातल्या भिंतीकडे हातभर अंतरावरून पाहिलं तर ते स्पष्ट दिसतं: मऊ करडं द्रव्य झिजून आत गेलंय आणि मधले तुकडे शेवेतल्या शेंगदाण्यांसारखे वर उठून राहिलेत. अशा दगडात नाजूक कोरीव काम फार काळ तग धरत नाही. बोटांची नखं, मुकुटावरचे मणी, अक्षरांच्या कडा आधी जातात. इथल्या अनेक शिलालेखांच्या ओळी अर्ध्यावर तुटतात याचं मोठं कारण हेच. मात्र मोठ्या, सपाट भिंती, ओटे, खोल्या आणि टाकी यांना हा दगड चांगला. कान्हेरीत चैत्यगृहासारखी भव्य कामं मोजकी आणि राहती घरं भरपूर, त्यात या दगडाचाही वाटा आहे असं मला वाटतं.

आता एक साधं घर घेऊ. कुठलंही मधल्या आकाराचं लेणं चालेल, कारण साचा थोड्याफार फरकाने तोच आहे. पायवाटेपासून चार-सहा पायऱ्या चढल्या की कोरलेलं अंगण. अंगणाच्या एका बाजूला भिंतीत कोनाडा आणि त्याच्या तळाशी पाण्याचं टाकं. समोर ओसरी, तिला दोन किंवा चार खांब. बऱ्याच ठिकाणी ओसरीच्या कडेला बसायला दगडी ओटा, त्याची पाठ बाहेरच्या बाजूला. आत एक दालन, भिंतीलगत बाक, बाजूला एक-दोन कोठड्या, कोठडीत झोपायचा ओटा. काही दालनांना जाळीची खिडकी आहे. ओसरीच्या बाहेरच्या बाजूला जमिनीत आणि वर दर्शनी भागात गोल किंवा चौकोनी भोकं दिसतात, ती लाकडी खांब आणि वासे रोवायची. पावसाळ्यात पुढे झापाचा किंवा लाकडाचा मांडव घातल्याशिवाय या ओसऱ्यांत बसणं अवघडच, इथला पाऊस आडवा येतो.

या घराचा सगळ्यात विचारपूर्वक केलेला भाग डोक्यावर असतो आणि तो पाहायला मान वर करावी लागते. लेण्याच्या दर्शनी कपाळाच्या वर, कातळाच्या उतारावर एक पन्हळ खोदलेली असते, कुठे बोटभर खोल, कुठे जास्त. तिची कामं दोन. एक, वरच्या कातळावरून येणारा लोंढा थेट ओसरीपुढे पडू न देणं. दोन, तेच पाणी वळवून टाक्याकडे नेणं. पहिलं काम बिघडलं की दुसरंही बिघडतं. पन्हळीत माती आणि पाला साठला, त्यात गवत उगवलं, पिंपळाचं रोप रुजलं, की पाणी पन्हळीबाहेर सांडतं, कपाळावरून आत वळतं, छताला चिकटून ओसरीत येतं. मग भिंतीवर काळे-हिरवे ओघळ दिसायला लागतात. जिथे असे जुने ओघळ दिसतील तिथे वर पाहा, पन्हळ तुटलेली किंवा बुजलेली सापडण्याची शक्यता मोठी. लेणी मुख्यतः काळामुळे झिजतात असं आपण म्हणतो, पण काळ इथे बहुतेक वेळा पाण्याच्याच रूपाने येतो.

टाक्याचं तोंड लहान आणि पोट मोठं. तोंडावरून अंदाज करू नये, कारण टाकं आत कातळाखाली सरकलेलं असतं. त्यामुळे ऊन पाण्यापर्यंत पोचत नाही, बाष्पीभवन कमी होतं, शेवाळ कमी धरतं आणि जनावर आत पडण्याची भीतीही कमी. काही टाक्यांच्या तोंडाला कडेने खोबण आहे, झाकण बसवायची. हीच पद्धत जुन्नर-नाणेघाटापासून सह्याद्रीतल्या कितीतरी गडांवर दिसते. गडावरच्या थंडगार टाक्याचं पाणी पिऊन तृप्त झालेल्या ट्रेकरला कान्हेरीचं टाकं अनोळखी वाटू नये.

एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा टाकं ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि २ मीटर खोल आहे. त्यात १२ घनमीटर, म्हणजे १२,००० लिटर पाणी मावतं. वरचा शंभर चौरस मीटरचा कातळ त्याच्याकडे उतरत असेल आणि हंगामात २,००० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या कातळावर २ लाख लिटर पाणी पडतं. निम्मं वाया गेलं असं धरलं तरी टाकं आठ वेळा भरेल. म्हणजे भरण्याची चिंता नाही, अडचण साठवण्याची आहे. आता खर्च. पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी रोज दहा लिटर धरले, तर पावसाळ्यानंतरच्या २४० दिवसांना एका माणसाला २,४०० लिटर लागतील. १२,००० लिटरच्या टाक्यावर पाच जण जूनपर्यंत जगतात. दोन-तीन कोठड्यांच्या लेण्याला एक टाकं, हे प्रमाण कुणी नुसतं शोभेसाठी ठरवलेलं नाही. आंघोळ आणि कपडे धुणं अर्थात यात बसत नाही, त्याला ओढा आणि मोठी सार्वजनिक टाकी. ओढ्यावर वरच्या अंगाला दगडी बांधाचे अवशेषही आहेत. वैयक्तिक टाक्यांच्या जोडीला दरीतलं पाणी अडवण्याचाही विचार झाला होता, याची ती खूण.

या टाक्यांना शिलालेखांत ‘पोढी’ म्हणतात. लेणं, चैत्यगृह, कोठडी, बसायचा ओटा, वाट आणि पोढी अशा वेगवेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या माणसांनी दान दिल्या आणि तसं दगडात कोरून ठेवलं. दाते कल्याणचे आहेत, सोपाऱ्याचे आहेत, चौलचे आहेत. व्यापारी आहेत, सोनार आहेत, लोहार आहेत, भिक्षू आणि भिक्षुणीही आहेत. कुणी लेणं देतो त्याच्याबरोबर पोढी देतोच, जणू घराबरोबर नळजोडणी. या लेखांची भाषा प्राकृत आहे आणि तीत मराठी माणसाला ओळखीचे शब्द अधूनमधून भेटत राहतात. ‘लेण’ हा शब्द त्यातलाच, तो दोन हजार वर्षांत फारसा हललेला नाही.

पाण्याच्या दानाचा सगळ्यात मोलाचा लेख पाचव्या लेण्याजवळच्या टाक्यापाशी आहे. तो संस्कृतात आहे, हीच त्या काळच्या मानाने वेगळी गोष्ट. वासिष्ठीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाची राणी, पश्चिमी क्षत्रपांच्या कार्दमक राजवंशातली, महाक्षत्रप ‘रु...’ याची मुलगी, असा तिचा उल्लेख येतो आणि सतेरक नावाच्या अमात्याने ‘पानीयभाजन’, म्हणजे पाण्याचं टाकं, दान दिल्याचं त्यात म्हटलं आहे. बापाच्या नावाचं पहिलं अक्षर शिल्लक आहे, पुढचा दगड गेला. अभ्यासक ते नाव रुद्रदामन असं पुरं करतात. सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप ही दोन घराणी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी लढत होती. त्यांच्यात सोयरीक झाली होती याचा हा पुरावा, आणि तो कुठल्या विजयस्तंभावर न मिळता पाण्याच्या टाक्यावर मिळतो. दख्खनच्या इतिहासाचं एवढं मोठं पान इथे पायवाटेच्या कडेला उभं आहे आणि रविवारी शेकडो माणसं त्याच्यासमोरून चालत जातात. तिथे एक नीटसा मराठी फलक असायला हवा.

दान दिलं म्हणजे संपलं असं नव्हतं. पैसे ‘अक्षयनीवी’ म्हणून ठेवायचे, मुद्दलाला हात लावायचा नाही आणि व्याजातून दर वर्षी चीवर, म्हणजे भिक्षूंची वस्त्रं, आणि इतर खर्च भागवायचा, अशी पद्धत. कुणी पैशाऐवजी शेत लावून द्यायचा. यज्ञश्री सातकर्णीच्या काळातल्या एका लेखात कल्याणच्या दात्याने दिलेल्या अशा दानात मंगलस्थान गावातलं शेत आहे. मंगलस्थान म्हणजे आजचं मागाठाणे. बोरिवलीचं मागाठाणे, जिथे आता मेट्रोचं स्थानक आहे. कान्हेरीच्या डोंगरावरून पश्चिमेला पाहिलं तर जिथे आज इमारतींची गर्दी दिसते, तिथलं भात या डोंगरावरच्या वस्त्रांचा खर्च भागवत होतं. मागाठाण्यालाही लेणी आहेत, वस्तीने चहूबाजूंनी गिळलेली.

नवव्या शतकात राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या आणि त्याच्या कोकणातल्या शिलाहार मांडलिकांच्या काळातही हा डोंगर नांदता होता. अकराव्या क्रमांकाच्या ‘दरबार’ लेण्यात शके ७७५, म्हणजे इ.स. ८५३चा लेख आहे. या काळातल्या दानांत पुस्तकांसाठी वेगळे द्रम्म, म्हणजे त्या काळची नाणी, ठेवलेले आढळतात. पावसाळ्यात इथल्या हवेत पोथ्या किती भराभर बुरसत असतील याची कल्पना केली, की ती तरतूद फार व्यवहारी वाटते. दरबार लेण्यात दोन लांब दगडी बाक समोरासमोर, दालनाच्या टोकापर्यंत गेलेले आहेत. असे बाक वेरूळच्या पाचव्या लेण्यातही आहेत. बसून पाठ म्हणायचे, जेवायचे की चर्चा करायचे, यावर मतं वेगळी आहेत. बाकावर दोन मिनिटं शांत बसून पाहावं, आवाज कसा फिरतो ते कळतं.

चैत्यगृहाबद्दल थोडक्यात: २६ मीटरच्या आसपास लांब, ३४ खांब, आत स्तूप. कार्ल्याच्या चैत्याची आठवण येते, पण काम तितकं पुरं झालेलं नाही. काही खांबांनाच घडवलेली शीर्षं आहेत, बाकीचे साधे राहिले. ओसरीतले दोन उंच बुद्ध नंतरच्या काळात, पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास कोरले. चैत्यासमोरच्या एका स्तूपात १८३९ साली त्रैकूटक राजघराण्याच्या वर्ष २४५चा, म्हणजे इ.स. ४९४-९५चा ताम्रपट मिळाला. वर चढून गेल्यावर ४१व्या लेण्यातला अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, चुकवू नये. त्याची डोकी एकावर एक उतरंडीसारखी रचलेली आहेत, आणि भारतात दगडात कोरलेलं असं रूप दुर्मीळ आहे.

आणखी पुढे ९०व्या लेण्यात पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत. झरथुष्ट्री माणसांचे दोन जथे इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये इथे येऊन आपली नावं कोरून गेले. तारखा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आहेत. कान्हेरी पाहायचा तो योग्य काळ त्यांनाही ठाऊक असणार: वाटा वाळलेल्या, ओढा अजून वाहता, टाकी काठोकाठ.

वस्ती उठली आणि टाक्यांची देखभाल थांबली. पण या दरीचा पाण्याशी असलेला संबंध पुन्हा जोडला गेला तो एकोणिसाव्या शतकात. वाढत्या मुंबईला विहिरी आणि तलाव पुरेनात, तेव्हा इंग्रजांनी याच डोंगरांकडे पाहिलं. १८६० साली विहार तलाव झाला, १८७९ साली तुळशी. तुळशीत ८,०४६ दशलक्ष लिटर पाणी मावतं. आजच्या मुंबईला ते फारच थोडं, पण शहराच्या हद्दीत, राखलेल्या रानात असलेला तो पिण्याच्या पाण्याचा साठा आहे. वरच्या पाणलोटात रान राखलं तर खाली पाणी गढुळत नाही, हे तेव्हा ओळखलं गेलं, आणि हे रान आज शिल्लक आहे त्यामागे तलावांचं पाणलोट क्षेत्र हे फार मोठं कारण आहे. उद्यानाचं क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर. बिबटे, शीळकरी कस्तूर, साग, ऐन, कळम आणि आठ वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी, यांना त्या पाण्यामुळे जागा मिळाली. कारवी २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली.

उद्यानाच्या फाटकापर्यंत दहिसर नदी नदी असते. महामार्ग ओलांडला की तिला दोन्ही बाजूंनी भिंती लागतात. श्रीकृष्णनगर, दौलतनगर, दहिसर गावठाण असं करत ती तबेल्यांचं शेण आणि वस्त्यांचं सांडपाणी घेऊन खाडीला जाते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा या आखडलेल्या पात्रातून पाणी घराघरांत शिरलं. पात्र अरुंद केलं, तळ सिमेंटचा केला, की पाणी मुरत नाही आणि वेग वाढतो. त्यात भरतीची वेळ आली तर खाडी ते घेत नाही. उपाय म्हणून भिंती आणखी उंच केल्या जातात, याचं फार वाईट वाटतं. सहा-सात किलोमीटर वर, त्याच दरीत, उतारावरचं पाणी पातळीपातळीवर अडवून, साठवून, उरलेलं सावकाश सोडण्याची रीत दगडात कोरून ठेवलेली आहे. मंडपेश्वरची शैव लेणी एके काळी याच नदीच्या काठी होती असं सांगतात. पोर्तुगीज काळात तिथे चर्च झालं, त्याच्या भिंती अजून लेण्याच्या माथ्यावर उभ्या आहेत. नदी आता तिथून दिसतही नाही.

जायचं असेल तर सोमवार सोडून, सकाळी फाटक उघडताच. आतून बस मिळते, सायकलीही भाड्याने मिळतात, पण कान्हेरीपर्यंतचा शेवटचा चढ दमवतो. माणशी दोन लिटर पाणी घरून न्यावं, टाक्यातलं पिऊ नये, कारण आता त्यात पाला कुजतो आणि बाटल्याही पडतात. खाऊची पिशवी हातात दिसली की माकडं ती ओढतात, बंद सॅकमध्येच ठेवावी. पावसाळ्यात तळाला खोबणी असलेले बूट घालावेत. सगळ्यात धोकादायक जागा पायऱ्या नसतात, पायऱ्यांशेजारचा सपाट काळपट कातळ असतो, कारण पाणी तिथून वाहतं आणि शेवाळाचा थर डोळ्याला दिसत नाही. ओढ्याचं पाणी अचानक चढतं. वरच्या बाजूला काळं भरलं असेल तर पात्रात उतरू नये, मग खाली कितीही ऊन असो. मे महिन्याच्या दुपारी मात्र येऊच नये, कातळ तापतो आणि सावली फक्त लेण्यांच्या आत.

पूर्ण पाहायला चार तास लागतात. चैत्यगृहापासून ओढ्याच्या कडेने दरबार लेण्यापर्यंत, तिथून कोरलेल्या पायऱ्यांनी वरच्या रांगांवर, आणि दम असेल तर विटांच्या स्तूपांच्या अवशेषांपर्यंत, जिथे इथल्या आचार्यांची स्मारकं आहेत. प्रत्येक लेण्यात शिरण्याआधी तीन गोष्टी शोधायच्या: वरची पन्हळ, बाजूचं टाकं, आणि टाकं भरल्यावर पाणी जातं ती वाट. दहा-बारा लेण्यांनंतर डोळा बसतो, आणि टाकं कुठल्या हाताला असेल ते अंगणात पाय ठेवण्याआधीच कळायला लागतं. परतीला सर आली तर पळू नका, एखाद्या ओसरीत आत सरकून थांबा. पाऊस थांबल्यावरही पन्हळीतून बराच वेळ पाणी येत राहतं, धार बारीक होते, मग थेंब, आणि कातळाखालच्या त्या अंधाऱ्या पोटात एकेक थेंब पडल्याचा आवाज घुमतो.